‘लम्हे’मधली पूजा खरंच निवड करते का?

उत्तररात्र
‘लम्हे’चा विषय निघाला की दोनच सूर लागतात. एक म्हणजे काळाच्या पुढचा सिनेमा, यश चोप्रांचं सगळ्यात धाडसी काम. दुसरा म्हणजे शी, बापासारख्या माणसाशी लग्न! माझा आक्षेप तिसराच आहे आणि वयाशी त्याचा फारसा संबंध नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. लंडनहून राजस्थानात आलेला वीरेन (अनिल कपूर) पल्लवीच्या (श्रीदेवी) प्रेमात पडतो. ती त्याच्याहून मोठी, आणि तिचं दुसऱ्यावर प्रेम. तिचं लग्न होतं, अपघातात नवराबायको दोघंही जातात, मागे राहते त्यांची मुलगी पूजा. तिला दाईजान (वहिदा रेहमान) वाढवते. वीरेन लंडनला राहतो, वर्षातून एकदा येतो. पूजा मोठी होते ती हुबेहूब आईसारखी (पुन्हा श्रीदेवीच), आणि वीरेनच्या प्रेमात पडते. तो झिडकारतो, शेवटी त्यालाही तीच हवी असते.

आता पूजाचं जग बघा. हवेली त्याची, दाईजान त्याच्या घरातली, पुढे लंडनचं घरही त्याचंच. वर्षभर वाट बघायची ती त्याचीच. घरातलं प्रत्येक माणूस त्याच्याविषयी आदरानं बोलणार. अशा मुलीनं ‘मला कुंवरजीच (म्हणजे वीरेनच) हवेत’ म्हटलं तर ती तिची निवड, असं मी कसं मानू? तिच्यासमोर दुसरं काही येऊच दिलेलं नाही. आणि ते रेखाचित्र आठवा. वीरेननं काढलेलं चित्र तिच्या हाती लागतं, तिला वाटतं आपलंच आहे, म्हणजे याचंही आपल्यावर प्रेम आहे. चित्र तर आईचं! एका मुलीच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं धाडस दुसऱ्या बाईच्या चेहऱ्यावर उभं राहतं. सिनेमा तिथे थांबून तिच्याकडे नीट बघत नाही, लगेच वीरेनच्या दुःखाकडे वळतो. मला त्याचा राग येतो.

तिकीटबारी
पूर्ण असहमत. आणि माझा राग प्रेक्षकांवर आहे.

२२ नोव्हेंबर १९९१ ला सिनेमा लागला आणि आपल्याकडे पडला. परदेशात चालला, फिल्मफेअरला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, पण इथल्या लोकांना पचला नाही. का? तर म्हणे वयात अंतर. अहो, श्रीदेवी आणि अनिल कपूर यांच्यात जेमतेम सात वर्षांचं अंतर होतं. त्याआधी १९८४ मध्ये ‘इन्किलाब’ आला, तेव्हा अमिताभ चाळिशी ओलांडलेला आणि श्रीदेवी वीस वर्षांची. कोणी ब्र काढला नाही. कारण तिथे अंतर आहे हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं. राखीचं बघा. ‘कभी कभी’त (१९७६) अमिताभची प्रेयसी, ‘शक्ती’त (१९८२) त्याचीच आई. आणि ती त्याच्याहून लहान आहे! हा सगळा प्रकार आपण वर्षानुवर्षं गोड मानून घेतला. एका दिग्दर्शकानं मात्र ‘हो, अंतर आहे, आणि यातल्या दोघांनाही ते टोचतं’ असं पडद्यावर उघड सांगितलं, तर त्यालाच शिक्षा.

उत्तररात्र
तिकीटबारी, प्रेक्षकांबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. पण त्यांचं कारण चुकीचं होतं म्हणून सिनेमा बरोबर ठरत नाही.

सातवी रांग
मुलगी सज्ञान आहे, स्वतः सांगते आहे, पुन्हापुन्हा सांगते आहे. अजून काय हवं? तिच्या ‘हो’वर एवढा अविश्वास दाखवणं म्हणजे तिला अक्कल नाही म्हणण्यासारखंच आहे.

रानजाई
दादा, अक्कल असण्याचा प्रश्नच नाही. ज्याच्या घरात राहतो, ज्याच्या जिवावर शिकतो, त्याला हो किंवा नाही म्हणणं हे बरोबरीच्या माणसाला म्हणण्याइतकं मोकळं नसतं. नातेवाइकांकडे राहून शिकलेल्या कुठल्याही मुलीला विचारा. साधी भाजी आवडली नाही म्हणतानासुद्धा दहा वेळा विचार करतो आपण.

पेठकर काका
आमच्या पिढीला हा विषय मराठीतून आधी भेटला. देवलांचं ‘संगीत शारदा’ हे नाटक १८९९ चं. प्रभातचा ‘कुंकू’ हा सिनेमा १९३७ चा. ‘कुंकू’त शांता आपटेंची नीरा म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधली जाते आणि ती नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते. भिंतीवरचं ते जुनं घड्याळ, तिची ती धुमसणारी नजर आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब हळूहळू स्वतःच्याच नजरेतून उतरत जाणं, हे ज्यानं पाहिलंय तो विसरणार नाही. त्यात विधवा, समाजकार्य करणाऱ्या सुशीलेचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं होतं. प्रत्यक्षातही त्यांनी संततिनियमनाच्या प्रचारासाठी आयुष्य वेचलं. शेवटी काकासाहेब स्वतःला संपवतात आणि तिला मोकळं करतात.

पण माझं म्हणणं उत्तररात्र यांच्या विरुद्ध आहे. शारदा काय, नीरा काय, तिथे म्हाताऱ्याला मुलगी हवी आहे आणि मुलीला तो नको आहे. ‘लम्हे’त मुलीला तो हवा आहे आणि तो अर्धा सिनेमा नाही म्हणतो. ‘कुंकू’चं माप लावून पूजाला मोजलं तर तिच्यावर अन्याय होईल.

रानजाई
काका, ‘कुंकू’ची आठवण काढलीत म्हणून सांगते. तिथे नीरा ‘नाही’ म्हणू शकली ना? सगळं घर विरोधात असताना म्हणाली, आणि सिनेमा तिचं ऐकून घेत राहिला. पूजाला नाही म्हणायची वेळच येत नाही. ज्या गोष्टीत तिच्या ‘नाही’ला जागा नाही, तिथल्या ‘हो’चं वजन मी कसं करू?

गवती चहा
मला यात ‘चीनी कम’ (२००७) आणावासा वाटतो. तिथे अमिताभ ६४ चा, तब्बू ३४ ची. अंतर तीस वर्षांचं. तरी पोटात खड्डा पडत नाही. कारण पहिल्याच भेटीत तब्बू त्याच्या लंडनच्या हॉटेलात जाफरानी पुलाव परत पाठवते, गोड झालाय म्हणून. तो फटकन बोलतो, तर ती दुसरा पुलाव करून त्याला पाठवते, आणि मग कळतं की त्याच्याच स्वयंपाकघरात मिठाऐवजी साखर पडली होती. ती बरोबर, तो चूक. तिला नोकरी आहे, दिल्लीत घर आहे, उपोषणाला बसणारा बाप आहे. उद्या तो नसला तरी तिचं काही अडणार नाही. उत्तररात्र म्हणतात ते मला म्हणूनच पटतं. टोचतं ते अंतर नव्हे, अवलंबून असणं.

तिकीटबारी
‘चीनी कम’ मलाही आवडतो, पण तो सोप्या बाजूनं गेला. दोघंही मोकळी, कोणाचं कोणावर ऋण नाही, बापाचा विरोध तेवढा अडसर. ‘लम्हे’नं अवघड वाट घेतली. आणि एक गोष्ट इथे कोणीच बोललं नाही. वीरेनचं पहिलं प्रेम त्याच्याहून मोठ्या बाईवर होतं! पल्लवीला त्याच्या मनातलं कधी दिसलंच नाही. तिच्या लेखी तो लहान. पुढे वीरेन पूजाच्या बाबतीत नेमकं तेच करतो, तिच्या प्रेमाला पोरखेळ म्हणतो. हनी इराणींच्या कथेत हे दोन्ही बाजूंनी बांधलेलं आहे. लहान समजून ज्याच्या प्रेमाकडे कधी बघितलंच गेलं नाही, तोच आता न बघणारा झालाय. पूजा त्याला हे दाखवून देते. मला तर ती सगळ्या सिनेमातली सगळ्यात मोठी व्यक्ती वाटते.

उत्तररात्र
हा मुद्दा खरोखर चांगला आहे, आणि श्रीदेवीनं ती जिद्द अशी उभी केलीय की बघताना मीही पूजाच्या बाजूनं असतो.

पण याच मुद्द्याचा पुढचा भाग बघा. मोठ्या बाईवर प्रेम करणाऱ्या लहान मुलाच्या वाट्याला काय येतं? पल्लवी मरते. दहा वर्षांनी ‘दिल चाहता है’ (२००१) आला. त्यात सिद्धार्थचं डिंपल कपाडियाच्या तारावर प्रेम, आणि शेवटी तारा मरते. उलट बाजूला मोठा पुरुष आणि लहान मुलगी असली की लग्न लागतं. पल्लवी जगली असती आणि वीरेन तिला परत भेटला असता, तर ती गोष्ट कोणी लिहिली असती का?

तिकीटबारी
१९९१ मध्ये कोणी लिहिली नसती. पण म्हणून पूजाची गोष्ट लिहायलाच नको होती, हे मला अजूनही मान्य नाही.

रानजाई
लिहू नये असं कोण म्हणतंय? मला फक्त तो एक प्रसंग हवा होता. वीरेन लंडनहून परत येण्याआधी दाईजाननं पूजाला जवळ बसवून सांगायला हवं होतं, ‘बेटा, ही हवेली, मी, हे सगळं तुझंच आहे, तू त्याला नाही म्हणालीस तरी.’ त्यानंतर ती हो म्हणाली असती, तर मी इथे एक ओळसुद्धा लिहिली नसती.