मदत हवी आहे: यादीतील ओळ आडवी सरकवताना अर्धवट अडकते (अँड्रॉइड, कोटलिन)

नमस्कार. दूध संकलन केंद्रांसाठीच्या एका अँड्रॉइड ॲपवर मी काम करत आहे. उत्पादकाचा क्रमांक, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट वगळता दुधातील इतर घन घटक) अशा नोंदी रिसायक्लरव्ह्यू या अँड्रॉइडच्या यादी-घटकाच्या उभ्या यादीत दिसतात आणि ओळ डावीकडे सरकवली की तिच्याखालची ‘दुरुस्ती’ व ‘रद्द’ ही बटणे उघडी पडतात. आयटमटचहेल्पर (ओळी सरकवण्यासाठीची तयार सोय) ओळ पूर्ण बाजूला सारण्यासाठी बरा आहे, पण ओळ मध्येच थांबवून बटणे दाबू द्यायची असतील तर त्याच्याशी फार झटावे लागते. म्हणून फ्रेमलेआउट या साध्या चौकट-घटकावर आधारित स्वतंत्र घटक लिहिला आहे.

बोट सरळ आडवे गेले तर सर्व ठीक चालते. थोडे तिरके गेले की यादी वरखाली सरकू लागते आणि ओळ अर्धवट उघडी राहते. ओळ बंद किंवा पूर्ण उघडी करण्याचा कोड ॲक्शन_अपमध्ये (बोट उचलल्याची घटना) आहे, परंतु लॉग पाहता अशा वेळी ॲक्शन_अप ओळीपर्यंत पोहोचतच नाही. ॲक्शन_डाउन (बोट टेकल्याची घटना) येताच ‘रिक्वेस्ट-डिसअलाउ-इंटरसेप्ट’ने यादीला स्पर्श स्वतःकडे घेण्यास मज्जाव केला, तेव्हा अडकणे थांबले, पण यादीच सरकेनाशी झाली, कारण पडद्याचा जवळजवळ सर्व भाग ओळींनीच व्यापलेला आहे. संकलनाच्या वेळी समोर रांग असते आणि केंद्रचालकाची बोटे ओली असतात, त्यामुळे ‘नीट आडवे सरकवा’ असे त्यांना सांगण्यात अर्थ नाही. स्पर्श कोणाचा हा निर्णय ओळीने घ्यावा की यादीने, आणि नेमका कोणत्या क्षणी?

उत्तर:

निर्णय ओळीनेच घ्यावा. उभा रिसायक्लरव्ह्यू फक्त उभे अंतर पाहतो. ते टच स्लॉपपेक्षा (बोट सरकले असे मानण्यासाठीचे किमान अंतर; मूळ मूल्य 8 डीपी, म्हणजे पडद्याच्या घनतेनुसार जुळणारे एकक) जास्त झाले की आडवे अंतर त्याहून कितीही मोठे असले तरी तो स्पर्श स्वतःकडे घेतो, ओळीला ॲक्शन_कॅन्सल (स्पर्श काढून घेतल्याची घटना) पाठवतो आणि त्यानंतर त्या स्पर्शातले काहीही ओळीकडे येत नाही. म्हणून ॲक्शन_कॅन्सल आल्यावरही ओळ जागेवर बसवा, मात्र त्यात कोणतीही नोंद रद्द होऊ देऊ नका.

ॲक्शन_डाउनला केलेला मज्जाव योग्यच आहे, फक्त तो वेळेवर उठवायला हवा. बोट स्लॉपपलीकडे गेले की दोन्ही अंतरांची तुलना करा: उभे जास्त असेल तर मज्जाव काढा म्हणजे यादी सरकू लागेल, आडवे जास्त असेल तर बोट उचलेपर्यंत तो कायम ठेवा. ही तुलना ओळीच्या डिस्पॅचटचइव्हेंटमध्ये (ओळीकडे येणारी प्रत्येक स्पर्शघटना आधी मिळणारे फंक्शन) करावी, कारण ओळीच्या आतील कोणीच स्पर्श घेतला नाही तर ऑनइंटरसेप्टटचइव्हेंट (आतल्या घटकांकडे जाणारा स्पर्श अडवण्याचे फंक्शन) पुढच्या हालचालींसाठी बोलावलेच जात नाही. अशा वेळी ओळीने स्वतः ॲक्शन_डाउनला ‘ट्रू’ परत करणेही आवश्यक आहे, नाहीतर पुढच्या घटना तिला मिळणार नाहीत. स्लॉपचा आकडा हाताने न लिहिता अँड्रॉइडच्या व्ह्यूकॉन्फिगरेशन या क्लासमधून घ्या.

विषयाला थोडे सोडून: टॉकबॅक (पडदा वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) वापरणाऱ्याला अशी ओळ सरकवणे अवघड जाते, म्हणून ‘दुरुस्ती’ आणि ‘रद्द’ या क्रिया व्ह्यूकॉम्पॅटच्या ॲड-ॲक्सेसिबिलिटी-ॲक्शनने ओळीला जोडा, आणि बटणे किमान 48 डीपीची ठेवा, ओल्या बोटांनाही त्याचा उपयोग होईल.