सोसायटीतील ज्येष्ठ आणि मुले एकत्र येतील असा उपक्रम कसा उभारावा?

प्रश्न

ठाण्यातील आमच्या सोसायटीत साठी ओलांडलेले रहिवासी पुष्कळ आहेत. त्यांत निवृत्त शिक्षिका आहेत, हार्मोनियम वाजवणारे आहेत, गोधडी शिवणाऱ्या आजी आहेत. परंतु संध्याकाळचा कट्टा आणि गणेशोत्सवात शाल-श्रीफळ देऊन होणारा सत्कार यांपलीकडे सोसायटीच्या व्यवहारात त्यांना स्थान उरलेले नाही. मुलांशी तर त्यांचा संबंध क्वचितच येतो. दोन्ही पिढ्या नियमितपणे एकत्र येतील आणि ज्येष्ठांच्या हातातील कला चालू राहील, असे काय करता येईल?

प्रतिसाद १

आपल्याच जिल्ह्यातील, मुरबाड तालुक्यातील फांगणे गावाचा अनुभव अवश्य पाहावा. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने तेथे ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठी ते नव्वदीतील आजी गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन दुपारी, म्हणजे घरातील आणि शेतातील कामे उरकल्यावर, अक्षरे गिरवायला बसू लागल्या. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे की शिकवणारी शिक्षिका गावातीलच सून होती आणि घरी नातवंडे आजीचा अभ्यास घेत होती. त्यामुळे पिढ्यांना एकत्र आणण्यासाठी निराळा कार्यक्रम आखावा लागला नाही.

प्रतिसाद २

नेदरलँड्समधील देव्हेंटर शहरात 'ह्युमॅनिटास' या वृद्धनिवासात काही महाविद्यालयीन विद्यार्थी भाडे न देता राहतात आणि त्याबदल्यात महिन्याला ३० तास तेथील ज्येष्ठांना चांगल्या शेजाऱ्याप्रमाणे सोबत करतात. आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी चालणार नाही, कारण आपले बहुतेक ज्येष्ठ स्वतःच्या घरी राहतात. पण तासांची स्पष्ट बांधिलकी घेण्याजोगी आहे. 'जमेल तेव्हा या' असे सांगितले की कोणीच येत नाही.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही उदाहरणे उत्तम आहेत. मात्र एक धोका आवर्जून सांगावासा वाटतो. अनेक आजी-आजोबा दिवसभर नातवंडे सांभाळूनच थकलेले असतात, त्यामुळे या उपक्रमाला मोफत पाळणाघराचे रूप येऊ देऊ नये. प्रथम त्यांनाच विचारावे की त्यांना काय करायचे आहे, आणि मग ते काम खर्चाच्या रकमेसह व निर्णयाच्या अधिकारासह त्यांच्याकडे सोपवावे. दिवाळीचा किल्ला, गणपतीची आरास, भजनाची साथ ही कामे सोसायटीला दरवर्षी करावीच लागतात. ज्यांना पेटी येते त्यांच्याकडे आठवड्यातील ठरलेल्या दिवशी चार मुले बसली आणि पुढच्या उत्सवातील आरतीला त्याच मुलांनी साथ करायची असे आधीच ठरले, तर शिकवण्याला निश्चित हेतू मिळतो. जागा तळमजल्यावर असावी, पाठ टेकता येईल अशा खुर्च्या असाव्यात आणि ज्यांना कमी ऐकू येते त्यांना मुलांच्या समोर बसवावे. सुरुवात दोन-तीन इच्छुक ज्येष्ठांपासून केली तरी पुरे आहे. बाकीचे पाहून ठरवतील.