पाचारण कसं उमगलं, आणि ते कुणापुढे बोललात?

प्रभूमध्ये सर्वांना सप्रेम नमस्कार.

‘देवाने माझ्यासाठी काय योजलंय?’ हा प्रश्न बाप्तिस्म्याची तयारी करणारी मुलं विचारतात, आणि नातवंडं खेळवणारी माणसंही विचारतात. पाळकांच्या, मिशनऱ्यांच्या साक्षी आपण पुष्कळ ऐकतो. व्यासपीठावर कधीच न चढणाऱ्या विश्वासणाऱ्याला त्याचं पाचारण, म्हणजे देवाने ज्यासाठी बोलावलं ते काम, कसं सापडलं, हे मात्र क्वचित कानावर येतं. तेच ऐकायचंय, म्हणून हे आमंत्रण.

दिमिष्क (दमास्कस) शहराच्या वाटेवर येशूचं दर्शन झालं तेव्हा प्रेषित पौलाने विचारलं, ‘प्रभू, मी काय करू?’ उत्तर मिळालं ते एवढंच: ऊठ, शहरात जा, तिथे तुला सांगण्यात येईल. पुढच्या साऱ्या आयुष्याचा आराखडा त्या क्षणी कुणी हातात ठेवला नाही. आणि त्याच्याकडे आला तो हनन्या, एक साधा शिष्य, तोही जायला घाबरलेला. मला वाटतं पाचारण बहुतेकांना असंच मिळतं: एका वेळी एक पाऊल, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून पक्कं झालेलं. पुढे हाच पौल बेड्यांनिशी अग्रिप्पा राजापुढे उभा राहून सांगतो की त्या स्वर्गीय दर्शनाचा मी अवमान केला नाही.

इफिसकरांस पत्र म्हणतं की आपण चालावं म्हणून सत्कृत्यं देवाने आधीच तयार करून ठेवली आहेत. तुमचं ते काम कोणतं? कसं कळलं? कुणाला सांगितलंत, आणि सांगितल्यावर काय झालं? चार ओळी लिहा, चार पानं लिहा. नावं-गावं नकोत.

अतिदक्षता विभागातली परिचारिका

एका रात्री व्हेंटिलेटरवरच्या एका आजोबांचं तोंड पुसत होते. नळीमुळे ओठ सुकून फुटतात, म्हणून ओल्या गॉजने पुसायचे आणि वर थोडी जेली लावायची. आजोबा शुद्धीवर होते, पण बोलता येत नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडेचनात. मीही हात काढून घेतला नाही. शेजारच्या मॉनिटरवर ठोके 130च्या आसपास होते, ते हळूहळू नव्वदीत आले. औषध काहीच बदललं नव्हतं.

त्यानंतर एक गोष्ट ध्यानात आली. डॉक्टरांनी ‘आता करण्यासारखं काही नाही’ असं सांगितलं की त्या खाटेजवळची वर्दळ कमी होते. माझे पाय मात्र तिकडेच वळतात. ही ओढ मी स्वतः लावून घेतलेली नाही, दुसऱ्या कुणी तरी लावली आहे, असं मी प्रार्थनेत बोलून दाखवलं आणि विलक्षण शांती मिळाली.

डॉ. आयडा स्कडर यांची हकिकत मला फार जवळची वाटते. परत अमेरिकेला जायचं ठरवून ही तरुण मुलगी तमिळ प्रदेशात आईवडिलांकडे आली होती. एकाच रात्री तीन वेगवेगळ्या घरचे पुरुष दारात आले. तिघांच्याही बायका अडल्या होत्या. वडील डॉक्टर होते, पण पुरुष डॉक्टर चालणार नव्हता, आणि तिला तर वैद्यकातलं काही येत नव्हतं. तिन्ही बायका गेल्या. मग ती डॉक्टर झाली, परत आली, आणि 1900 मध्ये वेल्लोरला काम सुरू झालं. माझं दार कुणी ठोठावलं नाही, माझं मनगट धरलं.

मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांपुढे, मी अजून उभी राहून बोललेली नाही. वॉर्डच्या मुख्य सिस्टरना सांगितलं: ‘शेवटच्या अवस्थेतला पेशंट असेल तर ड्यूटी मला लावा.’ आता त्या न विचारता लावतात.

सुतार

आमच्या चर्चच्या पायऱ्या चढून वर जाणं एका वृद्ध बाईंना शक्य नव्हतं. त्यांची चाकाची खुर्ची खाली आवारात लावायचे आणि त्या लाउडस्पीकरवर उपासना ऐकायच्या. प्रभुभोजनाच्या रविवारी डीकन (चर्चचे सेवक) भाकर आणि प्याला खाली घेऊन जायचे. मी ते दृश्य पुष्कळ दिवस पाहत होतो. एके दिवशी टेप काढला आणि माप घेतलं.

उतार करताना एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरावी लागते. त्याहून चढा ठेवला तर ढकलणाऱ्याचा दम जातो आणि उतरताना खुर्ची हातातून निसटते. आमची उंची दोन फूट होती, म्हणजे 24 फूट लांबी झाली. सरळ एवढी जागा नव्हती. म्हणून मध्ये खुर्ची फिरेल असा सपाट टप्पा ठेवून उतार वळवला, बाजूला कठडा दिला, पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या ठोकल्या. पुढच्या प्रभुभोजनाला बाई सगळ्यांसोबत रांगेत होत्या.

पाळकांनी मला पुढे बोलावून विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? मी म्हणालो, कुणी नाही, पण पायऱ्यांनी अडलेल्या माणसांसाठी माझी हत्यारं देवाची आहेत. मला ठरवून काही बोलायचं नव्हतं, ते आतून आलं. पाळकांनी बायबलमधल्या निर्गमाचा 31वा अध्याय उघडला. तिथे देव बसालेल या कारागिराला नाव घेऊन बोलावतो आणि आपल्या आत्म्याने भरतो, ते सोन्याचं, पितळेचं, लाकडाचं काम करण्यासाठी. वडीलमंडळींनी माझ्यावर हात ठेवून प्रार्थना केली.

खरी गंमत त्यानंतर झाली. लोक येऊन सांगायला लागले: आमच्या बाबांना न्हाणीघरात धरायला काही नाही, आमच्या उंबऱ्यावर आई अडखळते. मी बोललो नसतो तर ही घरं मला कधीच कळली नसती.

मंडळीचा हिशेबनीस

माझं थोडक्यात. दानाची रक्कम पोहोचवताना कुणी आपल्याला दोष लावू नये म्हणून पौल किती काळजी घेतो, हे दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात वाचलं. आकडेमोड हीसुद्धा सुवार्तेची राखण आहे, हे त्या दिवशी कळलं. वार्षिक सभेत सांगून टाकलं: वही कुणीही, कधीही पाहायला मागा. लोक मागतात. मला त्याचा आनंद होतो.

भावाची काळजी घेणारी बहीण

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. मंडळीतले लोक प्रेमाने म्हणतात, ‘देव तुला यातून मोकळं करील आणि मग आपल्या कामाला लावील.’ मला कधी आवाज ऐकू आला नाही, स्वप्न पडलं नाही, वचन मिळालं नाही. सकाळी मी त्याच्यासमोर बसते, माझाही पाण्याचा पेला भरते, मी प्यायले की तो गोळी घेतो. मी उठून गेले तर गोळी तशीच राहते.

मनापासून विचारते, हे पाचारण आहे का? की पाचारण येईपर्यंत करायचं काम?

निवृत्त पाळक

ताई, बायबलमधलं एस्तेरचं पुस्तक पुन्हा एकदा वाचा. अख्ख्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही. एस्तेरला वाढवणारा मर्दखयसुद्धा ‘देव म्हणतो’ असं म्हणत नाही. तो एवढंच विचारतो की, कोण जाणे, याच प्रसंगासाठी तुला राणीपद मिळालं असेल. तेवढ्या ‘कोण जाणे’वर ती बाई जीव धोक्यात घालून राजापुढे गेली. तुम्ही रोज त्याच्यासमोर बसता. वाट पाहण्याचा काळ हा नव्हे, काम सुरू आहे. आणि तुमच्या मंडळीनेही तुमच्याजवळ येऊन बसायला हवं. हे तुमच्या पाळकांना माझ्या वतीने सांगा.

माझ्याकडे पाचारणाविषयी बोलायला पुष्कळ जण आले. पहिल्या भेटीत मी सल्ला देत नसे. विचारत असे, कुणी पाहत नसताना तू काय करत असतोस? तुझ्यामुळे कुणाचं बरं झालंय, आणि ते माणूस स्वतः तसं म्हणेल का? देवाकडून ‘नाही’ असं उत्तर आलं तरी प्रभूवरचं तुझं प्रेम टिकेल का? शेवटच्या प्रश्नावर जो थांबतो, विचार करतो, त्याच्याशी पुढे बोलायला मला आवडे.

जेझुइट या कॅथलिक संघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांच्याकडून एक गोष्ट शिकलो. 1521 मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या ते कधी दरबारातल्या पराक्रमाची स्वप्नं रंगवत, कधी संतांसारखं जगण्याची. दोन्ही विचार चालू असताना गोड वाटत. पहिला ओसरला की मन कोरडं पडे, दुसऱ्याचा आनंद मात्र मागेही टिकून राही. हा फरक ध्यानात आला आणि त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. आजही कुणी दोन वाटांमध्ये अडकला असेल तर मी सांगतो, विचार येताना कसं वाटतं ते सोड, तो निघून गेल्यावर मागे काय उरतं ते काही आठवडे लिहून ठेव.

बायबल कॉलेजचा विद्यार्थी

मला थोडं वेगळं मांडायचंय. आपल्याकडे जाहीर करण्याची घाई फार होते असं माझं मत आहे. शिबिराच्या शेवटच्या रात्री समर्पणाचं आवाहन होतं, गाणं सुरू असतं, डोळे भरून आलेले असतात आणि पोरं पुढे धावतात. माझ्याही मनात जोराची हाक होती, पण मी जागेवरच बसून राहिलो आणि दुसऱ्या दिवशी फक्त एका वडीलमाणसाला सांगितलं. ते म्हणाले, ‘आत्ता कुणाला सांगू नकोस. रविवारपासून लहान मुलांच्या वर्गावर ये.’

लहान मुलांचा वर्ग म्हणजे खुर्च्या लावणं, खडू गोळा करणं, रडणाऱ्याला त्याच्या आईकडे नेऊन देणं. त्यात हाक विझली नाही. उलट, जे जिवंत वाटत होतं ते जास्तच जिवंत झालं. योसेफाने स्वप्नं सांगितली तेव्हा तो 17 वर्षांचा होता, आणि मिसरचा राजा फारो याच्यापुढे उभा राहिला तेव्हा 30 वर्षांचा. मधला काळ विहीर, गुलामी, तुरुंग. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना वेगळं केलं तेव्हा ते दोघं तिथे आधीपासून शिकवत होते. उपवास, प्रार्थना, मग हात ठेवणं. जाहीर केलं ते मंडळीने, त्यांनी स्वतः नव्हे.

माझ्याही बाबतीत शेवटी मंडळीनेच विचारलं, ‘तू जाशील का?’

सुतार

भाऊ, तुझं पटतं. माझंही काम आधी झालं, बोलणं नंतर. पण कायमचं गप्प बसू नकोस एवढंच म्हणेन. गरज असलेल्या माणसाला तुझा पत्ता कळायला हवा.

ध्वनिमुद्रण करणारी

माझा आवाज बरा आहे, पण मला गाता येत नाही. गायकवृंदाने मला अतिशय प्रेमाने नकार दिला. मग एका अंध बहिणीने विचारलं, ‘मला स्तोत्रं वाचून देशील का?’ तिथून सुरुवात झाली.

वाचताना एक शिकले: गद्य वाचायला दम लागतो, स्तोत्राला थांबे लागतात. ओळीच्या मध्यावर किती थांबायचं, हे त्या बहिणीने शिकवलं. ती म्हणे, ‘तू थांबतेस तेव्हा मी प्रार्थना करते, लवकर पुढे जाऊ नकोस.’ आता मोबाईलवर मुद्रण करते, गाद्या लावलेल्या कपाटाशेजारी बसून, म्हणजे आवाज घुमत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला बळ देतं. संस्कृतची एवढी मोठी विदुषी! पण बायबलचं भाषांतर करताना मूळ इब्री आणि ग्रीक शिकून घेतलं, आणि मराठी ठेवलं साध्या बायकांना कळेल असं. 1922 मध्ये त्या गेल्या, तोवर याच कामात होत्या. विद्वत्ता कुणासाठी वापरायची, हे त्यांनी ठरवलं होतं. माझ्याकडे तेवढं काही नाही, आवाज आहे, आणि तो कुणासाठी आहे हे मला कळलंय.

निवृत्त शिक्षक

सेवानिवृत्तीनंतर ‘आता आपलं काय?’ असं वाटणाऱ्यांसाठी. बायबलमधल्या गणनाचा 8वा अध्याय पाहा. लेवी वंशाचे सेवक पन्नाशीला दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, कामातून निवृत्त होत, पण भाऊबंदांना मदत करायला तिथेच राहत. ओझं उतरवलं, जागा नाही काढून घेतली. मी आता नव्या शिक्षकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसतो आणि तास संपल्यावर त्यांचं ऐकून घेतो. पाळकांना सांगून ठेवलंय, नव्या शिक्षकाला पहिले तीन महिने माझ्याकडे पाठवा.

एकटीने मुलं वाढवणारी आई

कौटुंबिक न्यायालयात तारखेला गेलेली बाई दिवसभर बाकावर बसून असते. नाव पुकारलं जाईल म्हणून पाणी प्यायलाही उठत नाही. मी त्या बाकावर बसलेली आहे. माझी केस संपली, तरी ते बाक डोळ्यांपुढून जाईना. शेवटी मंडळीतल्या एका बहिणीच्या तारखेला मी सोबत गेले. पिशवी धरली, पुकारा ऐकत बसले, ती जाऊन तोंड धुऊन आली. संध्याकाळी ती म्हणाली, ‘आज पहिल्यांदा मी घाबरले नाही.’ माझ्यासाठी हनन्या तीच.

स्त्रीमंडळाच्या सभेत बोलायचं ठरवलं. हबक्कूक संदेष्ट्याला देव सांगतो की दर्शन पाट्यांवर स्पष्ट लिही. म्हणून मी कागदावर लिहून नेलं, म्हणजे शब्द फुगणार नाहीत. जे वाचलं ते असं: ‘न्यायालयात एकट्या बसणाऱ्या बहिणींसोबत बसायला देवाने मला पाठवलंय, असा माझा विश्वास आहे. मी आठवड्यातला एक दिवस देईन. सल्ला देणार नाही, सोबत करीन. कुणाची गोष्ट बाहेर सांगणार नाही. मी हे करते आहे की नाही, हे दर महिन्याला मला विचारा.’

दोघी तिथल्या तिथे माझ्यासोबत यायला तयार झाल्या. आणि अध्यक्षबाई दर महिन्याला खरोखरच विचारतात, सगळ्यांसमोर.

आता एक अडचण आहे. बहिणी हातातली कागदपत्रं दाखवून ‘यात काय लिहिलंय?’ असं विचारतात, आणि आमच्यापैकी कुणालाच ते नीट सांगता येत नाही. कायद्याचं शिक्षण झालेलं कुणी हे वाचत असेल आणि महिन्यातली एखादी दुपार देता येत असेल, तर कृपा करून इथे लिहा.