मदत हवी आहे: वनहक्क दाव्याच्या नकाशात प्राध्यापकांनी कुठे थांबावं?
गडचिरोलीतल्या सामूहिक वनहक्क दाव्यांसाठी (जंगलावर अख्ख्या गावाचा हक्क मागणारे दावे) आमचा भूगोल विभाग जीपीएसने सीमा नोंदवून देतो. वनहक्क कायद्याच्या नियमांतील नियम १२-अ नुसार उपग्रहचित्र फक्त पूरक. इतर पुराव्यांची जागा ते घेत नाही. म्हणून निस्तार पत्रक (गावकऱ्यांच्या लाकूडफाटा, चराई अशा वापर-हक्कांची सरकारी नोंद) आणि दावेदार सोडून इतर ज्येष्ठांचं लेखी निवेदन, असे किमान दोन पुरावे जोडतो.

अडतं शिवेवर. विद्यार्थी एकाच गावच्या वाटाड्यासोबत फिरतात, मग शेजारचं गाव हरकत घेतं आणि दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांची (दावे तपासणाऱ्या ग्रामसभेच्या समित्या) संयुक्त बैठक लावावी लागते. ती मोजणीआधीच व्हावी, असं माझं मत.

गोंडीत सांगितलेल्या शिवेच्या खुणा या संयुक्त बैठकीच्या इतिवृत्तात कशा नोंदवता? नकाशावर विद्यापीठाचा शिक्का असावा का? मला नको वाटतो. दावा ग्रामसभेचा, पण शिक्का दिसला की अधिकारी प्राध्यापकांशीच बोलतात. इतिवृत्ताचा नमुना असल्यास द्यावा.