अनुभव धागा: फायब्रोमायल्जिया घरात आणखी कुणाला आहे का?

मला फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याचा आजार, आहे. गेल्या वर्षी मोठ्या बहिणीलाही तेच निदान झालं. परवा कॉलेजात जाणारी भाची म्हणाली, "मावशी, मग माझा नंबर कधी?" मी हसून विषय बदलला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

घरात एकापेक्षा जास्त जणांना आहे अशांनी लिहा. एकट्यालाच आहे त्यांनीही लिहा. औषधांचे डोस नकोत आणि 'अमुक तेलाने समूळ गेलं' हेही नको, प्लीज.

कोरफड, ठाणे
आमच्याकडे तीन पिढ्या. आजीला 'वात' होता, आईला 'अशक्तपणा', मला फायब्रो.

आजी पहाटे चुलीपुढे बसून आधी हात शेकायची, मग कामाला लागायची. निर्गुडीचं तेल कायम उशाशी. आई नारळ खवताना मध्येच विळीवरून उठायची आणि खांदे दाबत बसायची. तिचे एक्स-रे, सूज आणि संधिवात शोधणाऱ्या रक्ततपासण्या (ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर) सगळं नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आले की घरातले सुटकेचा श्वास टाकत आणि तिला पुन्हा कामाला लावत.

माझ्या वेळी संधिवाततज्ज्ञ बाईंकडे आईच सोबत आली होती. बाईंनी विचारलं, "झोप लागते?" मी म्हटलं, "लागते, पण उठल्यावर झोपलेच नव्हते असं वाटतं." आई पटकन म्हणाली, "अगं, ते सगळ्यांनाच होतं." पुढचा प्रश्न दुखणं कुठे कुठे आहे. मान, खांदे, कंबर, मांड्या, दोन्ही बाजूंना. आई पुन्हा, "वय झालं की होतंच ते." मी तेव्हा तिशीत होते! बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याऐवजी आईलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. थायरॉइड, बी-12, डी जीवनसत्त्व तपासून दुसरं काही नाही ना ते बघितलं, आणि निदान दोघींनाही झालं.

घरात सगळ्यांचंच अंग दुखत असेल तर ते दुखणं आहे हे कळायला फार उशीर होतो.

एकटा जीव
माझ्या घरात कुणालाच नाही. अपघातानंतर सुरू झालं. हाड कधीच जुळलं, दुखणं मात्र अंगभर पसरलं.

स्टेथो
डॉक्टर आहे, या विषयातली तज्ज्ञ नाही, पण असे पेशंट रोज बघते.

रक्ताच्या नात्यात असेल तर शक्यता वाढते हे खरं. 2004 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात फायब्रोच्या रुग्णांच्या आई-वडील, भावंडं, मुलं यांची तुलना आरएच्या (सांधे सुजवणाऱ्या संधिवाताच्या) रुग्णांच्या नातेवाइकांशी केली. फायब्रोवाल्यांच्या नात्यात हा आजार असण्याची शक्यता आठपटीहून जास्त निघाली. आकडा वाचून घाबरू नका. मुळात हा आजार शंभरात दोन-चार जणांना असतो, आणि जवळच्या नात्यातल्या बहुतेकांना तो होत नाही. यामागे एकच एक जीन सापडलेला नाही, म्हणून कुणी जनुकीय चाचणी विकायला आलं तर पैसे वाचवा.

बिघाड सांध्यात नसतो. मेंदू आणि मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाढवून घेतात, म्हणून एक्स-रेत काही दिसत नाही. आणि हो, 18 पैकी 11 ठिकाणी दाबून दुखलंच पाहिजे हा 1990 चा निकष होता. 2010 पासून ती सक्ती गेली. तरी अजून कुणी कुणी तेवढंच दाबून बघतात.

रंकाळा
बापयांना पण होतो, हे कुणीतरी लिवा की. वडिलांना हुतं, आता मला हाय. फौंड्रीत रात्रपाळी. "एवढा गडी आणि अंग दुखतंय म्हणतोस?" हे ऐकून कान किटलं. डॉक्टरनं रात्रीची एक गोळी दिली, तर बायकोनं मोबाइलवर बघितलं, डिप्रेशनची निघाली. घरात रडारड! मी आठवडाभर घेतलीच न्हाई.

स्टेथो
@रंकाळा, अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन वेदनेसाठीही देतात. तुम्हाला वेड लागलंय असा त्याचा अर्थ नाही. वहिनींना हे वाचून दाखवा. आणि रात्रपाळीचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, झोप मोडली की हा आजार उचल खातो.

पैलतीर, लीड्स
मला आणि नाशिकच्या आईला, दोघींना आहे. इथल्या जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, पहिल्यांदा व्यायाम सांगितला तेव्हा राग आला होता, उठून उभं राहवत नाही आणि म्हणे व्यायाम! आता ताई-ची हा संथ चिनी व्यायाम करते, आई तिकडे गच्चीत चालते. आमची दोघींची खोड सारखी आहे. एक दिवस बरा गेला की त्या दिवशीच चकल्या, करंज्या, माळा सगळं उरकायचं आणि मग आठवडाभर आडवं. हल्ली फोनवर एकमेकींना विचारतो, "आज किती केलंस? बस आता."

तिरकस
वारसा जीन्सचा की कामाचा? आजी, आई, मी, तिघी सगळ्यांच्या आधी उठणाऱ्या आणि सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या. कुणाचं अंग दुखणार नाही?

कोरफड
@तिरकस, पटतंय. पण माझा भाऊ घरात काडी उचलत नाही, त्यालाही आहे. :)

स्टेथो
दोन्ही. जुळ्यांच्या अभ्यासांत अंगभर दुखण्याचा साधारण निम्मा वाटा आनुवंशिक दिसतो. उरलेल्यात झोप, ताण, आजारपण, अपघात, आणि हो, शेवटी जेवणंसुद्धा.

धागाकर्ती
भाचीने सगळं वाचलं. विचारतेय, आत्तापासून काही चाचणी करून घेऊ का?

स्टेथो
नको. काही होत नसताना कसली चाचणी? झोपेची वेळ सांभाळू दे, अंगाला नियमित हालचाल असू दे. पुढे कधी अंगभर दुखणं तीन महिने टिकलं तर 'आमच्याकडे असंच असतं' म्हणून अंगावर काढू नये आणि डॉक्टरला मावशीचं, आईचं निदान सांगावं.

रंकाळा
पवायला गेलं तर चालंल का मला?

स्टेथो
चालेल. पाणी कोमट असेल तर उत्तम. पहिल्या दिवशी दहा मिनिटंच.