ऑक्सिजन मोजणाऱ्या लेपाची संवेदनशीलता आठवडाभरात उतरते: पॉलिमरमध्ये नेमके काय बदलते?

नमस्कार. पीटीटीएफपीपी हे प्लॅटिनम पॉर्फिरिन (चकाकणारे रंजकद्रव्य) आणि पॉलिस्टायरीन टोल्युईनमध्ये विरघळवून, ते द्रावण काचपट्टीवर पसरून मी लेप बनवतो. जांभळ्या प्रकाशात तो ६५० नॅनोमीटरच्या आसपास लाल चकाकतो आणि आत ऑक्सिजन शिरला की ही चकाकी मंदावते. नायट्रोजनमधील तीव्रता भागिले हवेतील तीव्रता, हे गुणोत्तर ताज्या लेपात चांगले येते. मात्र तीच पट्टी आठवडाभर कपाटात ठेवून पुन्हा मोजली, तर ते स्पष्टपणे घटलेले दिसते.

पट्टी अंधारात होती, म्हणजे प्रकाशाने रंजक नासलेला नाही. शिवाय नायट्रोजनमधील आयुःकाल, म्हणजे प्रकाश बंद झाल्यावर चकाकी टिकण्याचा काळ, आजही पहिल्या दिवसाइतकाच, साधारण ६० मायक्रोसेकंद भरतो. ऑक्सिजनबाबतची संवेदनशीलता सांगणारा स्टर्न-व्होल्मर स्थिरांक म्हणजे हा आयुःकाल आणि शमनाचा (ऑक्सिजनने चकाकी विझण्याचा) वेग यांचा गुणाकार. त्यामुळे पहिला घटक तसाच असताना स्थिरांक उतरत असेल, तर ऑक्सिजनच रंजकापर्यंत कमी पोहोचतो आहे, असे मला वाटते.

सिलिकोन वापरून पाहिले. त्यातून ऑक्सिजन सहज जातो आणि प्रतिसादही झटकन मिळतो. पण रंजक नीट विरघळत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली लाल कण दिसतात आणि ऑक्सिजनच्या प्रमाणासमोर गुणोत्तर मांडलेला आलेख सरळ न राहता खाली वाकतो. पीएमएमए (ॲक्रिलिक) तर पॉलिस्टायरीनपेक्षाही घट्ट, म्हणून तो विचार सोडला.

उरलेले टोल्युईन हळूहळू उडून जाते म्हणून हे होते, की पॉलिमरच कालांतराने आवळतो? हे दोन परिणाम वेगळे कसे ओळखावेत?

प्रतिसाद: तुमचा तर्क पटतो. अडकलेले टोल्युईन प्लॅस्टिसायझरसारखे (पॉलिमर मऊ, सैल करणाऱ्या पदार्थासारखे) वागते, म्हणजे ताज्या लेपाचा आकडाच मुळात फुगलेला असू शकतो. पॉलिस्टायरीनचे काचसंक्रमण (ज्या तापमानाला कडक पॉलिमर मऊ होतो ते) १०० अंश सेल्सिअसजवळ असते आणि त्याखाली साखळ्यांमधील मोकळी जागा सावकाश कमी होत जाते. आठवडाभर जुनी पट्टी नायट्रोजनमध्ये ११० अंशांवर थोडा वेळ तापवून झपाट्याने थंड करा. गुणोत्तर वर आले, तर पॉलिमर आवळला होता. आणखी उतरले, तर टोल्युईन शिल्लक होते. दोन्ही मोजमापे एकाच तापमानाला घ्या, कारण ऑक्सिजनचे विसरण तापमानाबरोबर वाढते आणि खोलीतील चारपाच अंशांचा फरकही निष्कर्ष बिघडवू शकतो.