हाताने शिवलेल्या कोल्हापुरी चपलेचे चित्र संगणकावर तयार करावे का?

प्रश्न (चप्पल व्यावसायिक, सुभाषनगर, कोल्हापूर)

नमस्कार. आमच्या घरात तीन पिढ्या कोल्हापुरी चपला शिवल्या जातात आणि गेली दोन वर्षे आम्ही त्या ऑनलाइनही विकतो. नवीन नमुन्यांची छायाचित्रे काढण्यात दरवेळी बराच वेळ आणि पैसा जातो. एका स्टुडिओने असे सुचवले आहे की प्रत्येक नमुन्याचे एकच थ्रीडी मॉडेल करून घ्यावे आणि पुढे हवा तो रंग, हवा तो कोन, हवी ती पार्श्वभूमी संगणकातूनच काढावी. त्यांनी दाखवलेली चित्रे मी पुन्हा पुन्हा पाहिली, तरी त्यांतले छायाचित्र कोणते आणि बनवलेले चित्र कोणते हे मला ओळखता आले नाही. वडील मात्र म्हणतात, "जी चप्पल कुणी शिवलीच नाही, ती दाखवून गिऱ्हाइकाकडून पैसे कसे घ्यायचे?" स्टुडिओचा हिशेब चुकीचा वाटत नाही आणि वडिलांचे म्हणणेही खोडून काढता येत नाही. या क्षेत्रातील जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (थ्रीडी कलाकार, राजारामपुरी)

ही पद्धत नवी नाही. आयकिया या फर्निचर कंपनीने २००६ मध्ये बर्टिल नावाच्या लाकडी खुर्चीचे चित्र संगणकावर तयार करून आपल्या कॅटलॉगमध्ये छापले, आणि २०१४ पर्यंत त्यांच्या उत्पादनांच्या चित्रांपैकी सुमारे तीन चतुर्थांश चित्रे अशीच तयार होऊ लागली. मोटारींच्या जाहिरातींसाठी तर द मिल या स्टुडिओने २०१६ मध्ये लांबी-रुंदी बदलता येणारी ब्लॅकबर्ड नावाची विजेवरची गाडी तयार केली. ती रस्त्यावर चालवून चित्रीकरण करायचे आणि नंतर तिच्यावर हव्या त्या मोटारीचे संगणकीय रूप चढवायचे, अशी ती व्यवस्था आहे. या वस्तूंचे आराखडे कारखान्यात आधीच संगणकावर असतात आणि प्रत्येक नग दुसऱ्यासारखाच निघतो, म्हणून एका नगाचे चित्र सगळ्यांच्या वतीने दाखवले तरी ग्राहकाची फसगत होत नाही.

तुमच्या चपलेचे तसे नाही. मॉडेलवर चामड्याचा पोत चढवताना आम्ही रंग, खरखरीतपणा आणि उंचसखलपणा असे वेगवेगळे थर देतो, आणि प्रकाशाचे किरण त्यांवरून कसे परततील हे सॉफ्टवेअर मोजते. ते गणित उत्तम असते, यात शंका नाही. परंतु वनस्पतिजन्य पदार्थांनी कमावलेल्या एकाच कातड्यात मानेकडची आणि पोटाकडची छटा सारखी नसते, तेल प्रत्येक ठिकाणी सारखे मुरत नाही, आणि वेणीचा ताण ती ओढणाऱ्या हातावर अवलंबून असतो. आम्ही हे सर्व मॉडेलमध्ये कल्पनेने भरतो, आणि कल्पनेने भरताना ते नकळत अधिक देखणे होते, हे मी माझ्याच कामाबद्दल सांगतो आहे. त्यावर उपाय म्हणून एका जोडीची सर्व बाजूंनी शंभरेक छायाचित्रे घेऊन तिच्यावरून मॉडेल बांधता येते. हे काम पसरट प्रकाशात आणि चमक कमी करणारे फिल्टर लावून करावे लागते, कारण चमकणारी जागा कोन बदलला की सरकते आणि सॉफ्टवेअरची मोजणी चुकते. पण एवढे करूनही हाती येते ती त्या एकाच जोडीची प्रतिकृती.

म्हणून थ्रीडीचा उपयोग आतली रचना दाखवण्यासाठी करावा, असे माझे मत आहे. तळाचे थर एकमेकांपासून अलग होताना, चपलेचा कान (बाजूची चामड्याची पट्टी) तळात कुठे अडकतो, खिळा न मारता चामड्याच्या वादीने शिवण कशी जाते, हे कॅमेऱ्याला दाखवता येत नाही आणि आम्हाला फार चांगले दाखवता येते. खरेदीच्या बटणाशेजारचे चित्र मात्र खऱ्या चपलेचेच असावे.

उत्तर (छायाचित्रकार, शाहूपुरी)

तुमचा खर्च बहुधा दरवेळी नव्याने मांडामांड करण्यात जातो. उत्तरेकडची एक खिडकी, एक पांढरा कागद, मोबाइलसाठी एक स्टँड आणि रंग जुळवण्यासाठी करड्या रंगाचे कार्ड, एवढे कारखान्यातच कायम मांडून ठेवा. मग शिवून झालेल्या प्रत्येक जोडीची चार छायाचित्रे काढायला पाच मिनिटेही लागणार नाहीत.

उत्तर (ग्राहक कायद्याच्या वकील, ताराबाई पार्क)

संगणकीय चित्र वापरणे बेकायदेशीर नाही. मात्र २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरात ही वस्तूच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी जुळणारी असली पाहिजे, आणि जाहिरातीत दाखवलेले गुणधर्म वस्तूत नसतील तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. "रंगात फरक असू शकतो" अशी तळटीप पुरेल, असे अनेकांना वाटते. परंतु २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तळटीप मुख्य दाव्याचा खुलासा करू शकते, त्याच्या विरोधात जाऊ शकत नाही.

२०२३ मध्ये झाकमू या फ्रेंच ब्रँडने पॅरिसच्या रस्त्यांवरून धावणाऱ्या प्रचंड पिशव्या संगणकावर रचून दाखवल्या. तेवढी पिशवी घरी येईल, असे कुणी मानले नाही. आपल्या कोल्हापुरात चित्रपट सुरू करण्यापूर्वी बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत असत. त्या पडद्यावरचा राजवाडाही कुणी विकत घ्यायला आले नव्हते. तुमच्या पानावर मात्र ग्राहक ज्या चित्रावर बोट ठेवतो, तीच वस्तू मागवत असतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या नावाने विकली जाणारी चप्पल हातची असते, ही ग्राहकाची समजूत तुम्ही जपली पाहिजे, आणि त्या दृष्टीने तुमच्या वडिलांची शंका कायद्याच्याही बाजूची आहे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना सगळी उत्तरे वाचून दाखवली. तळाच्या थरांचे चित्र करून घ्यायला त्यांची हरकत नाही. फक्त त्या चित्राखाली "संगणकावर तयार केलेले" असे मोठ्या अक्षरांत लिहावे, असे त्यांनी सांगितले आहे. थर कोणत्या क्रमाने येतात हे स्टुडिओतल्या मुलांना समजावे म्हणून ते स्वतः एक जुनी जोडी उसवून देणार आहेत.